जीभ कळकली तेव्हा

पितळेच्या पातेल्याची कल्हई उडालेली असली आणि त्यात ताक राहिलं, की ते कळकतं. हिरवट, कडू, जिभेच्या मुळाशी चिकटून बसणारी चव येते. ज्यांच्या घरात पितळेची भांडी होती त्यांना वेगळं सांगायला नको. जुलै 2021 मध्ये एका सकाळी मी उठले, तर माझं तोंड तसं झालं होतं. चूळ भरली, दात घासले, जीभ खरवडली. पाणी प्याले तर तेही कळकलेलं. चहा कळकलेला. आमटीला फोडणी दिली, पळीभर आमटी तळहातावर घेऊन चाखली आणि मीठ घातलंय की नाही हेच मला कळेना.

मी सांगलीत मेस चालवते. माझं पोट जिभेवर आहे. त्या दिवशी गॅससमोर उभी राहून मला जेवढी भीती वाटली तेवढी पुराच्या पाण्याचीही वाटली नव्हती.

हे सगळं सुरू मात्र पुरापासूनच झालं. आमचं घर गावभागात, नदीपासून लांब नाही. सांगलीत पावसाळ्यात माणसं एकमेकांना "काय, कसं काय" विचारत नाहीत, "किती फूट झालं?" विचारतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 45 फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. 2005 चा पूर आम्ही पाहिला होता, त्या हिशेबाने सामान वर ठेवलं होतं. तो हिशेब चुकला. पाणी स्वयंपाकघराच्या ओट्यावर चढलं. ओसरल्यावर घरात घोट्याएवढा गाळ, भिजून फुगलेली कणकेची पोती, आणि एक वास. तो वास नाकातून गेला तरी डोक्यातून जात नव्हता. रात्री आडवी झाले की पाणी पायरीला लागल्याचा डुबुक डुबुक आवाज यायचा. उठून बघावं तर रस्ता कोरडा.

दोन महिने असेच गेल्यावर जवळच्या एका डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली. क्लोनाझेपाम, 0.5 मिलिग्रॅम. पहिल्या रात्री मी सात तास झोपले. इतक्या दिवसांनी झोप लागल्यावर माणूस त्या गोळीला देव मानतो. चिठ्ठी दहा दिवसांची होती. मी ती गोळी वर्षभराहून जास्त घेतली, कारण मेडिकलवाला ओळखीचा होता आणि चिठ्ठी मागत नव्हता. किती दिवस घ्यायची, बंद कशी करायची, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

सकाळी डोक्यावर ओलं गोणपाट टाकल्यासारखं जड वाटायचं. अकरा वाजेपर्यंत हात चालायचे, मी कुठेतरी मागे राहिलेली असायचे. तव्यावर भाकरी टाकून विसरणं, मीठ दोनदा घालणं, मेसच्या पोरांनी दिलेले पैसे कोणत्या महिन्याचे ते न आठवणं. मला वाटायचं वय झालं, पाळी जायची वेळ आली, असंच होत असणार. पुढे कळलं की ही गोळी अर्धी उतरायलाच दीडेक दिवस लागतो, त्यामुळे रोज घेतली की कालची अंगात असतानाच आजची पडते. डिसेंबर 2020 मध्ये रात्री बाथरूमला उठले, तोल गेला आणि उंबऱ्यावर पडले. मनगटाला प्लास्टर. मुलीने गोळ्यांची रिकामी पाकिटं मोजली आणि म्हणाली, "आई, आता मिरजेला जायचं. डोक्याच्या डॉक्टरांकडे."

"डोक्याचे डॉक्टर" हा शब्द ऐकल्यावर आमचे हे गप्प झाले. मी रागावले. शेवटी वडापने, म्हणजे सीट भरून जाणाऱ्या गाडीने, गेलो, मी ओढणीने तोंड झाकलं होतं. कोरोनामुळे सगळ्यांचीच तोंडं झाकलेली होती म्हणून बरं.

मॅडम वयाने माझ्याहून लहान. त्यांनी चाळीस मिनिटं ऐकून घेतलं. झोप जाणं हे वरचं लक्षण आहे, खाली उदासपणा आहे, तो आजार आहे, असं म्हणाल्या. एस्सिटालोप्राम सुरू केली, पहिला आठवडा 5 मिलिग्रॅम, मग 10. क्लोनाझेपाम एकदम बंद करायची नाही हे तीनदा बजावलं. एकदम तोडली तर झोप पार उडते, हातपाय थरथरतात, कधी फिटही येऊ शकते. अर्धी, मग पाव, मग एक दिवसाआड पाव. मे महिना उजाडला तेव्हा ती सुटली. पाव गोळी कापताना ती पिठासारखी भुगा व्हायची, म्हणून मेडिकलमधून गोळी कापायची छोटी डबी आणली, साठ रुपयांची. स्वयंपाकघरातल्या कुठल्याही सुरीपेक्षा मी ती जास्त जपली.

निघताना मॅडम म्हणाल्या, "काकू, जे काही होईल ते लिहून ठेवा आणि मला दाखवा. मनाने काही बंद करू नका."

मी वेगळी वही कुठे करणार? मेसची हिशेबाची वही रोज रात्री उघडतेच. त्यात तारीख, डबे, दूध, तेल, गॅस असे रकाने आहेत. शेवटी एक रकाना वाढवला, "मी". त्या रकान्यात पहिल्या दहा दिवसांत सारखा एकच शब्द आहे, मळमळ. कांदा परतायला घेतला की पोटातून उमाळा यायचा. जिरं तडतडलं की तोंडाला पाणी सुटायचं, ते भुकेचं नाही, उलटीच्या आधीचं. त्यात जांभया. झोप न येता जांभया, एकामागून एक, जबडा दुखेपर्यंत. आणि मानेला दरदरून घाम, जानेवारीच्या थंडीत.

मॅडमनी फोनवर सांगितलं की ही गोळी ज्या सेरोटोनिनवर काम करते, त्यातलं बहुतेक आपल्या आतड्यातच असतं. म्हणून मनाच्या आधी पोटाला कळतं. बहुतेकांना दोन-तीन आठवड्यांत ते उतरतं. हे कळल्यावर मळमळ कमी झाली नाही, पण ती कशाची आहे आणि कधी जाणार हे माहीत झाल्यावर सोसता आली. गोळी रिकाम्या पोटी घेत होते ती नाश्त्यानंतर घ्यायला लागले. फोडण्या आठवडाभर हाताखालच्या मावशींनी दिल्या. मी मऊभात, मेतकूट आणि थोडं ताक यावर राहिले. तिसऱ्या आठवड्यात त्या रकान्यातून मळमळ हा शब्द गेलेला आहे. कोणत्या दिवशी गेली ते आठवत नाही, त्रास जातो तेव्हा सांगून जात नाही. मन हलकं व्हायला मात्र दीड महिना लागला. हा मधला काळ सगळ्यात वाईट, कारण त्रास सगळा पदरात पडलेला असतो आणि गुण अजून आलेला नसतो. त्या दिवसांत मुलगी रोज रात्री माझ्याजवळ झोपायची. सुरुवातीच्या आठवड्यांत जिवाचं बरंवाईट करायचे विचार वाढले तर लगेच कळवा, असं मॅडमनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तिने मला ते दोन वर्षांनी सांगितलं.

तोंडाला कोरड होती ती राहिलीच. मी खडीसाखर चघळायचे, मग दातांच्या डॉक्टरांनी खडसावलं की थुंकी कमी असताना गोड तोंडात ठेवलं की दात किडतात. आता ओट्यावर पाण्याची लोटी असते, घोट घोट पिते, आणि बडीशेप.

एक गोष्ट मी मॅडमना सांगितली नव्हती, कारण मला ती गोष्ट वाटलीच नव्हती. गुडघे दुखतात म्हणून मी आठवड्यातून तीन-चार वेळा मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून घ्यायचे. एप्रिलमध्ये दंडावर आणि मांडीवर काळेनिळे डाग दिसायला लागले, कुठे आपटल्याचं आठवेना. वहीत लिहिलं, दाखवलं. मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "आणखी कोणती गोळी चालू आहे?" या औषधासोबत तसली दुखण्याची गोळी घेतली की रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. ती बंद केली, डाग गेले. गुडघ्याला आता शेक आणि लावायचा मलम. मनाच्या डॉक्टरांना गुडघ्याचं काय सांगायचं, असं वाटणाऱ्या माझ्यासारख्या बऱ्याच बायका असतील, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आता त्या कळकलेल्या सकाळीकडे येते.

जुलै 2021 मध्ये पुन्हा पाणी चढलं. या वेळी आम्ही आधीच सामान हलवलं होतं आणि मेसच्या विश्रामबागच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये राहायला आलो होतो. पाणी 50 च्या वर गेल्याचं कळलं आणि माझी झोप परत गेली. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. मॅडमनी फक्त दोन आठवड्यांसाठी एस्झोपिक्लोन दिली, 2 मिलिग्रॅम. गोळी घ्यायची आणि लगेच अंथरुणात जायचं, नंतर कामाला हात लावायचा नाही, असं सांगितलं.

झोप लागली. आणि सकाळी तोंड कळकलेलं.

चार दिवस मी कोणाला बोलले नाही. वाटलं पित्त झालं असेल. मग वाटलं कोरोना, तेव्हा चव गेली की सगळ्यांना तेच वाटायचं. टेस्ट केली, निगेटिव्ह. तेव्हा पोरं गावी गेलेली होती, मेस डब्यांवरच चालली होती. एका डब्यातून चिठ्ठी परत आली, "काकू, आमटी खूप खारट आहे, तब्येत बरी आहे ना?" ती चिठ्ठी मी वहीत चिकटवून ठेवली आहे. बावीस वर्षांत माझ्या आमटीबद्दल आलेली ती पहिली चिठ्ठी.

त्या रात्री मी ठरवलं की गोळी बंद. मग त्या रकान्यावर नजर गेली आणि मॅडमचं "मनाने काही बंद करू नका" आठवलं. सकाळी फोन केला. मी अजून वाक्य पूर्ण केलं नव्हतं तोवर त्या म्हणाल्या, "तोंड कडू, धातूसारखं? काकू, ते या गोळीचंच आहे." ही गोळी थुंकीतून तोंडात उतरते, म्हणून चव कडू होते, आणि डोस जास्त तेवढी ती जास्त. घाबरण्यासारखं काही नाही, थांबवली की जाते. त्यांनी 1 मिलिग्रॅम करायला सांगितलं. मी स्वयंपाकीण आहे हे त्यांना माहीत होतं, पण चव हीच माझी रोजीरोटी आहे हे गोळी लिहिताना त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी तसं स्वतःहून कबूल केलं. डॉक्टरने असं म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं आणि माझा त्यांच्यावरचा विश्वास दुप्पट झाला.

उरलेले दिवस मी जिभेवर विसंबलेच नाही. आयुष्यभर मीठ चिमटीने घातलं होतं, ते मोजून घालायला लागले. पाच लिटर आमटीला किती सपाट चमचे, तीन किलो बटाट्याला किती, सगळं मावशींना चाखायला लावून ठरवलं आणि वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. गोळी संपल्यावर दोन दिवसांत तोंड निवळलं. पहिली चव मला कशाची कळली सांगू? शेंगदाण्याच्या चटणीतल्या लसणीची. मी खलबत्त्यासमोर बसून बोटाने दोनदा चाटली.

त्याच दोन आठवड्यांतली आणखी एक गोष्ट आहे, ती लिहिताना अजून अंगावर काटा येतो. एका रात्री गोळी घेतली आणि सवयीने म्हटलं, मटकी भिजत घालून मग पडते. सकाळी उठले तर मटकी भिजलेली होतीच, शिवाय परातीत कणीक मळून तेल लावून झाकून ठेवलेली. मला ती मळल्याचं काहीही आठवत नव्हतं. हे म्हणाले, "तूच मळलीस की, मी विचारलं तर हो म्हणालीस." गॅस पेटवला होता का, हे त्यांनाही माहीत नाही. या जातीच्या गोळ्या घेऊन माणूस जागा राहिला तर मधलं सगळं पुसून जातं, काही जण झोपेत चालतात, खातात, गाडीही चालवतात. त्या रात्रीपासून रेग्युलेटर बंद करून, स्वयंपाकघराला कडी लावून, दात घासून, अंथरुणावर बसूनच मी गोळी घ्यायचे. पाण्याचा पेलाही आधीच उशाशी.

ऑक्टोबरमध्ये मन परत खाली गेलं म्हणून एस्सिटालोप्राम 15 केली. त्याने मी सावरले. पण फेब्रुवारी 2022 मध्ये मुलीचं लग्न झालं, आणि पाठवणीच्या वेळी मला रडूच आलं नाही.

लेकीने गळ्यात हात टाकले. ती हुंदके देत होती. माझ्या वहिनी, जावा, शेजारच्या बायका, सगळ्या पदराने डोळे पुसत होत्या. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि माझ्या मनात येत होतं की ब्लाउजचा हुक निसटलाय, तो लावायला हवा. दुःख आहे हे मला ठाऊक होतं, जसं शेजारच्या खोलीत कोणी आहे हे ठाऊक असतं. पण दार उघडत नव्हतं. "आई असून डोळ्यात टिपूस नाही," हे मागून कोणीतरी म्हणालं, ते मी ऐकलं. मुलीनेही ऐकलं असणार.

आठ दिवस मी वहीत काही लिहिलं नाही. मग लिहिलं, "रडू येत नाही." मॅडमनी ते वाक्य वाचलं आणि म्हणाल्या की हा गोळीचाच परिणाम असू शकतो, भावना बोथट होतात, आनंदाच्याही. मग त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, यांना बाहेर बसवून. नवरा-बायकोच्या संबंधात काही बदल? मी मान खाली घातली आणि हो म्हणाले. वर्षभर इच्छाच नव्हती, आणि यांना वाटत होतं की मी त्यांच्यावर रागावले आहे. ही गोळी घेणाऱ्या बऱ्याच जणांना, बायकांना आणि पुरुषांनाही, हे होतं. त्यावर उपाय असतो, डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. पण डॉक्टर विचारत नाहीत आणि आपण बोलत नाही. घरी परतताना वडापमध्ये मी यांना हळूच सांगितलं, "ते गोळीमुळे आहे." ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले आणि मग म्हणाले, "मला सांगायचं ना."

डोस 10 वर आणला. नागपंचमीला लेक पहिल्यांदा माहेरपणाला आली. त्या दिवशी आमच्यात चिरायचं-तळायचं नसतं, पुरणाची दिंडं उकडतात. मोदकपात्राचं झाकण काढलं, वाफ तोंडावर आली, आणि ती मागून म्हणाली, "आई, मला कडेचं दे, फुटलेलं." लहानपणी ती नेहमी फुटलेलंच मागायची, पुरण बाहेर आलेलं. मी झाकण हातात धरून जे रडायला लागले ते पाच मिनिटं थांबले नाही. ती घाबरली. मी म्हटलं, "रडू दे, पाठवणीचं राहिलंय."

2023 च्या मार्चमध्ये मी एक चूक केली. बरं वाटत होतं, नात्यातल्या एका बाईंनी "या गोळ्यांची सवय लागते, मग सुटत नाहीत" म्हणून मनात भरवलं, आणि मी एका सोमवारी गोळी बंद केली. गुरुवारी भाकरी थापताना मान वळवली तर कवटीच्या आत झर्रकन करंट गेला. दुखलं नाही, पण क्षणभर सगळं तुटल्यासारखं. डोळे डावीकडे नेले की झर्र, उजवीकडे नेले की झर्र. चक्कर, चिडचिड, रात्री रंगीत भयानक स्वप्नं. एका पोराने जास्तीची पोळी मागितली तर मी त्याच्या अंगावर ओरडले. तो न जेवता उठून गेला. रविवारी मॅडमना फोन केला. गोळी परत सुरू केल्यावर दोन दिवसांत करंट थांबले. त्यांनी सांगितलं की हे व्यसन नव्हे, व्यसनात माणसाला ओढ लागते, डोस वाढवावासा वाटतो. इथे शरीर एका गोष्टीवर रुळलेलं असतं आणि तुम्ही खालचा पाट ओढून घेता. कमी करायचीच आहे तर महिन्यांच्या हिशेबाने करू. 10 वरून 7.5, मग 5, असं करत वर्ष गेलं. ज्याच्यावर ओरडले होते त्याची मी माफी मागितली.

त्याच पोराने दोन महिन्यांनी, बाकीचे जेवून गेल्यावर, खिशातून एक पाकीट काढून ओट्यावर ठेवलं. "काकू, तुमच्या भिंतीवर तो नंबर लावलाय म्हणून विचारतो. हे चालू केलंय, चार दिवस झाले, काही खाल्लं की मळमळतं. बंद करू का?" भिंतीवर मी टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा, 14416 लिहून लावलेला आहे, सरकारी, फुकट, मराठीतही बोलतात. औषध तेच होतं. मी त्याला गोळीचं काही सांगितलं नाही, ते माझं काम नाही. त्याच्या डॉक्टरांना तिथेच उभं राहून फोन करायला लावला. माझं काम मी केलं. दहा दिवस त्याचं ताट वेगळं, मऊभात, फोडणी नसलेलं वरण, लिंबाची फोड, तेल नाही. अकराव्या दिवशी तो म्हणाला, "काकू, आज खरडा आहे का?"

मी अजून 5 वर आहे. गेल्या पावसाळ्यात रात्री अडीचला जाग आली, मोबाईलवर पाणी किती फूट ते बघितलं, 31 होतं, परत पडले. येत्या गुरुवारी मिरजेला जायचं आहे. वहीत दोन गोष्टी लिहून ठेवल्या आहेत. रात्रीचा घाम परत सुरू झालाय, तो गोळीचा की पाळी जाण्याचा? आणि चार वर्षांत वजन सहा किलोने वाढलंय, त्याचं काय करायचं?